विश्लेषण : गुप्तरोग, गरोदर माता आणि नवजात बाळ... र. धों. कर्वे यांचा लढा आजही का संपलेला नाही?

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर महिलेची नोंदणी झाली, की हिमोग्लोबिन आणि रक्तगटासोबत एचआयव्ही आणि सिफिलिसचीही तपासणी केली जाते. बोटातून किंवा हातातून थोडे रक्त घेतले की काम होते. मात्र शंभर वर्षांपूर्वी या आजारांचे नाव चारचौघात काढणेही अशक्य होते. त्या काळात, १९२३ मध्ये, ‘गुप्तरोगांपासून बचाव’ नावाचे मराठी पुस्तक लिहिणारा माणूस डॉक्टर नव्हता, गणिताचा प्राध्यापक होता. त्याचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

कोण होते र. धों. कर्वे?

कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड गावचा. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात दगावल्या. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे म्हणण्याचा तो काळ होता. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत रघुनाथ पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून पुढे ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

पत्नी मालतीबाई आणि त्यांनी मिळून स्वतःला मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला. पुढच्या सगळ्या ओढाताणीत मालतीबाई त्यांच्या सोबत राहिल्या.

नोकरी का गेली?

१९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षी उघडले होते. १९२३ मध्ये त्यांची दोन पुस्तके आली. एक संततिनियमनावर, दुसरे गुप्तरोगांवर. हे दोन विषय त्यांच्या दृष्टीने वेगळे नव्हते. बाईला नको असलेले मूल आणि नकळत मिळालेला रोग, दोन्ही टाळता येतात आणि ते कसे टाळायचे हे लोकांना कळलेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. गुप्तरोग हा पापाची शिक्षा नसून संसर्ग आहे, हे त्यांनी सरळ मांडले.

मिशनऱ्यांनी चालवलेल्या महाविद्यालयाला प्राध्यापकाचा हा उद्योग मानवला नाही. १९२५ मध्ये कर्वे यांना नोकरी सोडावी लागली.

त्या काळी आई आणि बाळावर काय ओढवत असे?

सिफिलिस म्हणजे उपदंश, बोलीभाषेत गरमी. त्याचे जंतू १९०५ मध्ये सापडले आणि पुढच्याच वर्षी रक्ततपासणीही आली. पण उपचार म्हणजे आर्सेनिक असलेली इंजेक्शने. ती महागडी आणि त्रासदायक होती, शिवाय बराच काळ घ्यावी लागत. पेनिसिलिन अजून दूर होते.

हा आजार अनेकदा नवऱ्याकडून बायकोला होतो. तिला वेदना न देणारी एखादी जखम येते आणि आपोआप बरी होते. आजार गेला असे वाटते, पण जंतू रक्तात राहतात आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. उपचार न झालेल्या सुरुवातीच्या सिफिलिसमध्ये निम्म्याहून अधिक गर्भधारणांमध्ये काहीतरी विपरीत घडते. गर्भपात होतो, बाळ पोटातच दगावते, अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मते. जगलेल्या बाळाच्या हाडांवर, यकृतावर, मेंदूवर परिणाम होऊ शकतो. काही बाळे जन्मतः धडधाकट दिसतात आणि त्रास नंतर सुरू होतो. दात वेडेवाकडे येतात, ऐकू येईनासे होते, दृष्टी अधू होते.

गनोरियाचा, म्हणजे परम्याचा, मार्ग वेगळा आहे. प्रसूतीच्या वेळी आईच्या योनीमार्गातील जंतू बाळाच्या डोळ्यांत जातात. दोन ते पाच दिवसांत डोळे सुजतात, पू येतो आणि वेळेत उपचार न मिळाल्यास बाळ आंधळे होऊ शकते. जर्मनीतील लाइपझिगमध्ये कार्ल क्रेडे या डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकण्यास सुरुवात केली. तिथे शंभरातील सुमारे दहा बाळांना होणारा हा आजार एकाहूनही खाली आला.

थोडक्यात, कर्वे लिहू लागले तेव्हा विज्ञानाला बरेच काही ठाऊक होते. ते घरापर्यंत पोहोचत नव्हते. मूल का गेले, हे आईला कोणी सांगत नसे. दोष मात्र तिच्या पायगुणाला किंवा नशिबाला लागत असे.

‘समाजस्वास्थ्य’ कोर्टात का गेले?

१५ जुलै १९२७ रोजी कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. त्यात वाचक पत्राने आपल्या खासगी शंका विचारत आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. हेच सनातन्यांना खुपले. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड झाला.

१९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला. या वेळी कारण होते वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक आरोग्यासाठीच निघणाऱ्या मासिकाने वाचकांच्या शंकांना उत्तर देणे ही अश्लीलता कशी, असा बचावाचा रोख होता. खटला हरला. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. पुढे १९५० मध्ये याच आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय.

दंड, तोटा आणि टीका सोसत कर्वे यांनी मासिक अखेरपर्यंत चालवले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतर वर्षभरातच, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे यांचे निधन झाले. त्यांच्या पाठोपाठ ‘समाजस्वास्थ्य’ही थांबले. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आजची घाटी, त्यानंतर तीन वर्षांनी, १९५६ मध्ये सुरू झाले.

आज काय बदलले?

उपचार बदलले. गरोदरपणात सिफिलिस वेळेत सापडला, तर सुरुवातीच्या टप्प्यात बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटचा एक डोस पुरतो. आजार जुना असेल किंवा कधी झाला हे कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन डोस दिले जातात. प्रसूतीच्या किमान महिनाभर आधी उपचार झाला, तर बाळ वाचण्याची शक्यता खूप वाढते.

एचआयव्हीबाधित आईवर काहीच उपचार झाले नाहीत, तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना संसर्ग होऊ शकतो. नियमित गोळ्या आणि बाळाला दिलेले औषध यांमुळे हे प्रमाण पाचाच्या खाली आणता येते. कावीळ ‘ब’ साठी जन्मानंतर २४ तासांच्या आत लस दिली जाते. क्लॅमिडियामुळे बाळाला डोळ्यांचा आजार आणि काही आठवड्यांनी न्यूमोनिया होऊ शकतो, पण तो प्रतिजैविकांनी बरा होतो. प्रसूतीवेळी नागिणीसारख्या हर्पिसच्या जखमा असतील, तर डॉक्टर सिझेरियनचा सल्ला देतात.

मग बाकी काय राहिले?

राहिला तो संकोच. बायकोची तपासणी होते, नवरा मात्र बाहेरच्या बाकावर बसून राहतो. तिचा उपचार झाला आणि त्याचा झाला नाही, तर त्याच गरोदरपणात तिला पुन्हा संसर्ग होऊ शकतो. म्हणून अहवाल पॉझिटिव्ह आला तर दोघांचीही तपासणी आणि उपचार एकत्र होणे, आणि तोपर्यंत निरोध वापरणे गरजेचे असते.

एकदा अहवाल निगेटिव्ह आला म्हणजे संपले, असेही नाही. संसर्ग नंतर होऊ शकतो, त्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा तपासणीचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नोंदणी एका गावी आणि प्रसूती भलत्याच ठिकाणी होऊ शकते. अशा वेळी माता-बाल संरक्षण कार्ड आणि तपासणीचे कागद सोबत असले, तर पुढच्या डॉक्टरांना सुरुवातीपासून शोधत बसावे लागत नाही.

सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये गुप्तरोगांवर मोफत सल्ला आणि उपचार मिळतात. एचआयव्हीविषयी १०९७ या क्रमांकावर विनाशुल्क माहिती मिळते. रुग्णाच्या एचआयव्ही स्थितीची गोपनीयता राखणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

कर्वे यांच्या काळात वाचकाला शंका विचारण्यासाठी एका मासिकाला पत्र लिहावे लागे आणि उत्तर देणाऱ्याला त्यासाठी कोर्टात उभे राहावे लागे. आज उत्तर जवळच्या दवाखान्यात आहे. ते विचारायला नवरा-बायकोने सोबत जाणे, एवढेच उरले आहे.