तानुबाई बिर्जे

तानुबाई वासुदेव बिर्जे (१८७६ – १९१३) या सत्यशोधक चळवळीतील मराठी पत्रकार आणि 'दीनबंधु' या साप्ताहिकाच्या संपादक होत्या. पतीच्या निधनानंतर सुमारे सहा वर्षे त्यांनी हे पत्र चालविले.

जीवन

तानुबाईंचा जन्म पुण्यात झाला. वडील देवराव ठोसर हे महात्मा जोतीराव फुले यांच्या निकटवर्तीयांपैकी होते. वेताळ पेठेतील शाळेत त्यांचे शिक्षण झाले. १८९३ मध्ये वासुदेव लिराजी बिर्जे यांच्याशी त्यांचा विवाह सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे ब्राह्मण पुरोहिताविना, झाला. वासुदेवराव त्या सुमारास बडोदे येथे सयाजीराव गायकवाड यांच्या पदरी ग्रंथपाल होते.

'दीनबंधु'ची जबाबदारी

'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले. शेतकरी व कष्टकरी वर्गाच्या तक्रारींना प्रस्थापित पत्रांत क्वचितच जागा मिळत असे. ही उणीव भरून काढणे हा त्यामागील हेतू होता. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेले आणि गिरणी कामगारांचे प्रश्न त्यातून मांडले. १८९७ च्या प्लेगमध्ये लोखंडे व सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. वासुदेवरावांनी बडोद्याची नोकरी सोडून 'दीनबंधु' हाती घेतले. १९०६ मध्ये प्लेगनेच त्यांचाही बळी घेतला.

विधवा स्त्रीने घराबाहेरचे काम करणेही तेव्हा समाजाला रुचत नसे. अशा काळात तिशीतल्या तानुबाईंनी पत्र बंद पडू दिले नाही. त्यांचे काम केवळ पतीचा वारसा जपण्यापुरते नव्हते. बहुजन समाजाचे शिक्षण, स्त्रियांची स्थिती आणि सार्वजनिक प्रश्न या विषयांवर त्यांनी अग्रलेख लिहिले. त्या काळी स्त्रियांच्या लेखनाला बहुधा स्त्रियांसाठीच्या मासिकांत स्थान असे, आणि त्यांतही गृहजीवन व स्त्रीशिक्षण हेच विषय प्रामुख्याने येत. तानुबाईंनी चालविलेले पत्र मात्र सर्वसामान्य वाचकाचे, चळवळीचे होते. सत्यशोधक परिवारातील ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली होती. पण ते एकच पुस्तक होते. तानुबाईंपुढे दर आठवड्याला अंक काढण्याचे काम होते. हे काम त्यांनी १९१२ पर्यंत केले.

पहिल्या स्त्री संपादक

तानुबाईंना भारतातील पहिल्या स्त्री संपादक म्हटले जाते. बंगालीत स्वर्णकुमारी देवी यांनी 'भारती' या मासिकाचे संपादन १८८० च्या दशकातच स्वीकारले होते. त्यामुळे हे विधान वृत्तपत्रापुरते मर्यादित ठेवणे अधिक योग्य ठरते. पत्रकारितेच्या रूढ इतिहासात त्यांचा उल्लेख दीर्घकाळ अपवादानेच आढळे. सत्यशोधक चळवळीचा अभ्यास वाढल्यानंतर त्यांच्या कार्याकडे लक्ष गेले.