देहूच्या पेठेतले दुकान



तुकोबारायांचे चरित्र कीर्तनात बहुधा भंडाऱ्याच्या डोंगरापासून रंगते. या शताब्दी अंकात आम्ही ते दुकानापासून सांगायचे ठरवले. कारण साधे आहे. आपल्या दिंडीत घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या चाळींतून किराणा विकणारे, गिरणी चालवणारे, गावी भावाच्या दुकानात चार पैसे अडकवून बसलेले कितीतरी जण आहेत. ज्येष्ठ महिन्यात शटर ओढून निघणे म्हणजे काय असते, ते त्यांनाच ठाऊक. उधारी कोण वसूल करणार, घरी कोण बघणार, गावकीत आपल्यामागे काय बोलतील. हे सगळे तुकोबांच्याही वाट्याला आले होते, आणि आपल्यापेक्षा फार लहान वयात.

घराणे मोरे, आडनाव आंबिले असेही सांगतात. मूळपुरुष विश्वंभरबाबा. त्यांनी देहूत विठ्ठल आणला आणि घरात पंढरीची वारी लागली ती पिढ्यान् पिढ्या. वडील बोल्होबा, आई कनकाई; आईचे माहेर लोहगाव. घरात शेती होती, सावकारी होती, वाणीपणा होता आणि देहूच्या पेठेची महाजनकी होती. महाजन म्हणजे नुसता दुकानदार नव्हे. पाटील-कुलकर्ण्यांसोबत ज्याचा शब्द गावात धरला जायचा, पेठेचा व्यवहार ज्याच्या नजरेखाली चालायचा, असा वतनदार. म्हणजे दुकान आले की गावकी आलीच.

बोल्होबा थकले तेव्हा कारभार थोरल्या सावजींकडे जायला हवा होता. सावजी विरक्त वृत्तीचे. त्यांनी नको म्हटले. मग तागडी आली मधल्या मुलाच्या हातात. तेव्हा तुकोबांचे वय परंपरेने तेरा वर्षे सांगतात. धाकटे कान्होबा तर त्याहूनही लहान. पहिली चार वर्षे कारभार चांगला चालला, हे आपण विसरतो. तुकोबांना धंदा जमत नव्हता ही समजूत खरी नाही. धंदा जमत होता, लोकही नाव घेत होते.

लग्नेही झाली. पहिली पत्नी रखमाई दम्याने आजारी असायच्या, म्हणून पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची लेक जिजाई घरात आली. तीच आपली आवली. मग सतराव्या वर्षी आई-वडील गेले. थोरली भावजय गेली. सावजी तीर्थयात्रेला निघाले ते घराकडे फिरकलेच नाहीत. एका दुकानाच्या जिवावर दोन बायका, धाकटा भाऊ, मूल, गुरेढोरे, गडीमाणसे. ज्याच्याकडे बघून उभे राहायचे ते सगळे गेले आणि बाकीचे सगळे आता तुकोबांकडे बघू लागले.

त्यात 1630 चा दुष्काळ पडला. दक्षिणेत असा दुष्काळ क्वचितच पडला असेल. दोन-तीन वर्षांत गावेच्या गावे उठली. त्याच सुमारास आदिलशाही फौजेने पुणे जाळले, ओस पाडले. अशा वेळी दुकानदाराचे काय होते बघा. गिऱ्हाईक येते पण पैसा नसतो. उधार दिले तर ते बुडते, न दिले तर समोरचा माणूस उपाशी मरतो. तुकोबांनी दिले. बैल मेले, भांडवल संपले, दिवाळे निघाले. सोयरे-सावकारांनी एकदा सावरून घेतले, तरी नाव गेले ते गेलेच. पेठेत पत हीच खरी पुंजी असते.

आणि मग रखमाई गेल्या. धान्याच्या दुकानदाराची बायको अन्न अन्न करत गेली. पाठोपाठ लेक संतूही गेला. याहून अधिक काही लिहवत नाही.

तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबांनी रानोमाळ हिंडून त्यांना शोधून काढले. दोघे भाऊ इंद्रायणीकाठी आले आणि वडिलांच्या वेळेपासूनची कर्जखते बाहेर काढली. लोकांकडून येणे असलेली ती कागदपत्रे होती. इथला बारकावा आम्हाला फार मोलाचा वाटतो. तुकोबांनी सगळी खते बुडवली नाहीत. आधी वाटणी केली. निम्मी कान्होबांच्या हाती दिली, कारण त्यांचा संसार वेगळा होता आणि त्यांच्या हिश्श्यावर आपला हक्क नव्हता. उरलेली निम्मी, जी आपली, ती नदीत सोडली. दुष्काळाने मोडलेली किती कुटुंबे त्या दिवशी मोकळी झाली असतील! भावाचे नुकसान करून दानशूर होणे तुकोबांना मान्य नव्हते. भावाभावांत दुकानाच्या वाटणीवरून अबोला धरलेले वारकरी आम्ही पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पुढे विठ्ठलाचे मोडके देऊळ तुकोबांनी स्वतः राबून उभे केले. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात अनुग्रह झाला. नामदेवराय स्वप्नात आले आणि अभंगवाणी सुरू झाली. हा भाग आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

जिजाईंविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे. कीर्तनात त्यांचे नाव निघाले की मंडळी हसतात. कजाग बाई, देवाला शिव्या देणारी बाई. पण हिशेब कोण करतो? माहेर पुण्यातले, खाऊनपिऊन सुखी. सासरी दिवाळे निघालेले, पदरात लेकरे, आणि नवरा डोंगरावर. तरी जेवणाचे गाठोडे घेऊन उन्हातान्हात त्या भंडाऱ्यावर जात. नवऱ्याला घास भरवल्याशिवाय आपण जेवत नसत, असे परंपरा सांगते. एकदा त्यांनी आपल्या शब्दावर पैसे उभे करून तुकोबांना पुन्हा मिठाच्या व्यापाराला पाठवले. नफाही झाला. परतताना कर्जापायी अडलेला एक माणूस भेटला आणि सगळी रक्कम त्याच्या सुटकेला गेली. आता त्या माउलीने घरी काय म्हणायचे होते? आपल्या दिंडीतल्या बायाबापड्या हे ऐकून हसत नाहीत, हे आम्ही पाहिले आहे.

दुकान सुटले तरी गावकी सुटली नाही. उलट ती आता अंगावर आली. महाजन असताना पाटलाच्या बरोबरीने बसणारा माणूस आता टाळ घेऊन उभा होता आणि त्याच्या कीर्तनाला गाव लोटत होते. चाकणचे संताजी तेली, कडूसचे गंगाराम मवाळ असे साथीदार जमले. देहूत मठ करून राहिलेल्या मंबाजींना हे सोसेना. म्हशीने त्यांची बाग तुडवली हे निमित्त झाले आणि त्यांनी तुकोबांना काटेरी फांद्यांनी झोडपले. रात्री कीर्तनाला मंबाजी दिसले नाहीत, तेव्हा तुकोबा त्यांच्याकडे गेले. मारून मारून हात दुखले असतील म्हणून त्यांचे अंग चेपून दिले. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तक्रार नेली. गावचा पाटील रुष्ट झाला. वतन, पैसा, सोयरे, पाठीशी आता काहीच नव्हते. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या आणि तुकोबा तेरा दिवस शिळेवर अन्नपाण्यावाचून पडून राहिले. वह्या वर आल्या. पुढे तेच रामेश्वर भट तुकोबांच्या पायाशी बसले.

मुलींची लग्ने तुकोबांनी कशी केली तेही ऐकण्यासारखे आहे. हुंडा नाही, मानपान नाही. रस्त्यात खेळणारी आपल्या जातीची तीन मुले पाहिली आणि मोझे, गाडे, जांभूळकर या घरांत काशी, भागीरथी, गंगा दिल्या.

फाल्गुन वद्य द्वितीयेला, शके 1571 मध्ये, तुकोबा वैकुंठाला गेले. जिजाई तेव्हा गरोदर होत्या. पुढे नारायणबाबा जन्मले. निम्मी खते घेऊन संसार करणारे कान्होबाही भावाच्या मागे अभंग करत राहिले. त्यातला भावाच्या विरहाचा आकांत ऐकवत नाही. नारायणबाबांनी 1685 च्या सुमारास तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली. आपल्या दिंडीची शंभर पावले त्याच वाटेवर पडली आहेत. ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान होते आणि पालखी पहिल्या रात्री गावाबाहेर जात नाही, देहूतच इनामदार वाड्यात मुक्कामाला असते.