नारायण भास्कर खरे

डॉ. नारायण भास्कर खरे (१८८४–१९७०) हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान होते. प्रांताच्या मुख्यमंत्र्यास त्या काळी पंतप्रधान म्हणत. तिवशासह अमरावती जिल्हा व उर्वरित वऱ्हाड याच प्रांतात मोडत असे.

व्यवसायाने डॉक्टर असलेले खरे नागपूरच्या राजकारणातून पुढे आले. १९३५ ते १९३७ या काळात ते केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य होते. आर्य विवाह वैधता विधेयक त्यांनीच मांडले.

१९३७ मध्ये त्यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. परंतु मराठी व हिंदी भाषक मंत्र्यांतील मतभेद वाढत गेले. मे १९३८ मधील पचमढीचा समझोताही टिकला नाही. जुलैमध्ये खरे यांनी राजीनामा दिला. अकोल्याचे पु. ब. गोळे व वऱ्हाडातीलच रामराव देशमुख यांनीही पदे सोडली. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता यांनी मात्र नकार दिला. तेव्हा गव्हर्नरांनी या तिघांना बडतर्फ केले आणि खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले.

सहकारी निवडण्याचा अधिकार पंतप्रधानाचा की पक्षाचा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. पक्षाला डावलून गव्हर्नरांचा आधार घेतल्याबद्दल काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना जबाबदारीच्या पदांसाठी अपात्र ठरविले. त्यांना राजीनामा द्यावा लागला व शुक्ल पंतप्रधान झाले.

पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य, अलवर संस्थानाचे दिवाण व हिंदु महासभेचे अध्यक्ष झाले. १९५२ मध्ये ते ग्वाल्हेरमधून लोकसभेवर निवडून आले. प्रांताची सत्ता मात्र त्यांना पुन्हा लाभली नाही.