शिरस्त्राणाचा आग्रह धरणारा शल्यविशारद

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील एका ग्रामीण रस्त्यावर सायकलवरून निघालेल्या दोन मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात एक मोटारसायकलस्वार फेकला गेला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ख्याती पावलेले टी. ई. लॉरेन्स ते हेच. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. १९ मे रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. उपचारांसाठी पाचारण केलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे ३८ वर्षांचे मेंदूशल्यविशारद होते. लॉरेन्स यांना ते वाचवू शकले नाहीत. परंतु त्यांनी पुढे जे काम उभे केले, त्याचा लाभ आज डर्ट बाइकवर बसणाऱ्या शाळकरी मुलापर्यंत पोहोचतो.

केर्न्स यांचा जन्म २६ जून १८९६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी येथे झाला. अ‍ॅडलेड विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतल्यानंतर ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या बॅलिओल महाविद्यालयात दाखल झाले. १९२० मध्ये केंब्रिजविरुद्धच्या नौकाशर्यतीत ते ऑक्सफर्डच्या चमूत होते. मात्र त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते १९२६ मध्ये, बॉस्टनला हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली. मेंदूशस्त्रक्रियेचे जनक मानल्या जाणाऱ्या कुशिंग यांची शिस्त अंगी बाणवून ते लंडनला परतले. १९३७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये शल्यचिकित्सेचे नफिल्ड प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली.

दुसरे महायुद्ध सुरू होताच इंग्लंडच्या रस्त्यांवर अंधार पसरला. ब्लॅकआउटमध्ये लष्करी संदेश पोहोचविणारे मोटारसायकलस्वार जखमी होऊन येऊ लागले. केर्न्स यांनी केवळ शस्त्रक्रियेवर समाधान न मानता आकडेवारी तपासली. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसणारे मृत्युमुखी पडले होते आणि डोक्याची दुखापत हे त्याचे सर्वात मोठे कारण होते. शिरस्त्राण घातलेले अपघातग्रस्त मात्र त्यांना अवघे सात आढळले आणि त्यांपैकी एकही दगावला नव्हता. सात ही संख्या लहान होती, पण तिचा रोख स्पष्ट होता. १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लष्कराने कामावरील मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले.

पुढच्या टप्प्यात भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. हॉलबॉर्न यांची त्यांना साथ लाभली. जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून हॉलबॉर्न यांनी दाखविले की, डोके झटक्याने गरकन फिरले तरी मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. कवटी शाबूत राहिली म्हणून मेंदू सुरक्षित, असे मानण्याचे दिवस संपले.

१९४६ मध्ये 'सर' हा किताब मिळालेले केर्न्स १८ जुलै १९५२ रोजी कर्करोगाने निवर्तले. ब्रिटनमध्ये सर्वच मोटारसायकलस्वारांना हेल्मेटसक्ती झाली ती १९७३ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तब्बल २१ वर्षांनी.

आज मुलासाठी डर्ट बाइकचे हेल्मेट घेणाऱ्या पालकांना केर्न्स यांचाच प्रश्न विचारावा लागतो : आघात झाल्यावर मेंदूचे काय होईल? रंग आणि चित्रे यांचा त्या उत्तराशी संबंध नसतो. आतील थर्माकोलसारखे अस्तर आघाताच्या वेळी स्वतः चेपून धक्का शोषते. म्हणूनच एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद समजावे, आणि कुणी वापरलेले, ज्याचा इतिहास ठाऊक नाही असे, मुलाच्या डोक्यावर चढवू नये. भारतीय मानक आयएस ४१५१ किंवा युरोपचे २२.०६ यांची खूण पाहावी. यांतील युरोपीय मानकात तिरप्या आघाताने डोके गरकन फिरण्याची चाचणीही आहे. अमेरिकेतील स्नेल फाउंडेशनने २००७ मध्ये मुलांच्या मोटारस्पर्धांसाठी स्वतंत्र निकष आखले, कारण कोवळ्या मानेला जड हेल्मेटचा भार झेपत नाही.

सर्वात मोठी चूक होते ती मापात. कपडे आणि बूट वाढत्या अंगाचे घेण्याची आपली सवय हेल्मेटच्या बाबतीत घातक ठरते. भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर फितीने मोजावा. पट्टा बांधून हेल्मेट हलविल्यास गालाची व कपाळाची त्वचा सोबत हलली पाहिजे. मागून वर उचलून पुढे ढकलल्यास ते डोक्यावरून निसटता कामा नये. हनुवटीपुढे आलेली पट्टी आणि गॉगल बसेल एवढी रुंद खिडकी ही डर्ट बाइक हेल्मेटची खूण; तेव्हा गॉगल लावूनच ते घालून पाहावे. मूल वाढले की पुन्हा खर्च करावा लागतो, हे खरे.

मेंदूच्या शस्त्रक्रियांत हयात घालविलेल्या या डॉक्टरने अखेर शस्त्रक्रियेची वेळच येऊ नये यासाठी आपले वजन खर्ची घातले. रुग्णालयाच्या दारात त्यांना जे उशिरा उमगले, ते पालकांना दुकानाच्या दारातच करता येते.