प्रो. जोसेफ हेन्री

साताऱ्याहून कराडमार्गे सांगलीस जाताना ठिकठिकाणी भ्रमणध्वनीचे मनोरे दृष्टीस पडतात. मनोऱ्याच्या पायथ्याच्या कपाटात ४८ व्होल्टांच्या बॅटरीचा दाब यंत्रांस मानवेल इतका उतरवून देणारी एक लहानशी पेटी असते. तिला कन्व्हर्टर म्हणतात. दुरून आलेल्या अल्प संकेताने ती चालू वा बंद करता येते, आणि बिघाड होताच दूरच्या कचेरीत इशारा पोहोचविण्याची सोयही तीत असते. ह्या दोन्ही युक्तींचा माग काढीत गेल्यास आपण अमेरिकेतील ऑल्बनी शहरच्या एका शाळेत जाऊन पोहोचतो.

जोसेफ हेन्री ह्यांचा जन्म १७ डिसेंबर १७९७ रोजी ऑल्बनी येथे झाला. आईबाप स्कॉटिश वंशाचे, अत्यंत गरीब. तेराव्या वर्षी मुलगा घड्याळजीकडे उमेदवारीस लागला. त्याचा ओढा खरे म्हणजे नाटकांकडे. पण सोळाव्या वर्षी शास्त्रीय व्याख्यानांचे एक पुस्तक हाती पडले आणि त्याचे चित्त पालटले. ऑल्बनी अकॅडमीत त्याने विनाशुल्क शिक्षण घेतले, शिकवण्या करून पोट भरले, आणि १८२६ साली तेथेच तो गणित व पदार्थविज्ञानाचा अध्यापक झाला.

दिवसभर वर्ग चालत. मोठ्या प्रयोगांस जागा मिळे ती सुटीत. स्टर्जनच्या विद्युच्चुंबकावर उघडी तार विरळ गुंडाळलेली असे. हेन्रींनी तारेवर रेशीम चढवून वेढ्यांवर वेढे दिले. १८३१ साली येल कॉलेजसाठी केलेल्या चुंबकाने २,००० पौंडांहून अधिक वजन उचलले. त्याच सुमारास खोलीभर सुमारे एक मैल तार फिरवून त्यांनी तिच्या टोकाशी घंटा वाजविली. विजेने दिलेला दूरचा इशारा तो हाच!

चुंबकापासून वीज उत्पन्न होते हेही त्यांनी स्वतंत्रपणे पाहिले होते, परंतु फॅरडेंनी ते आधी प्रसिद्ध केले. ह्यात अन्याय कोणाचाच नाही. हेन्री लिहिण्यात मंद होते, असे मला वाटते. मात्र प्रवाह तोडताच वेटोळे स्वतःच त्यास विरोध करते, हा शोध १८३२ साली प्रथम त्यांनीच छापला. कन्व्हर्टरमधील वेटोळे सेकंदास हजारो वेळा शक्ती साठविते व सोडते, ते ह्याच गुणावर.

पुढे प्रिन्स्टन येथे १८३५ च्या सुमारास त्यांनी दूरच्या क्षीण प्रवाहाने जवळचा प्रबळ प्रवाह तोडून दाखविला. मोठ्या चुंबकाने धरलेले वजन धाडकन खाली पडे. आजही इशाऱ्याचा रिले पुष्कळदा असाच जोडतात : सर्व ठीक असता तो ओढलेला, बिघाड होताच सुटलेला. त्यामुळे वीजच गेली तरी इशारा मिळतो.

ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीच्या मिशनने मिरजेचे इस्पितळ उभारले, त्याच मंडळीचे हेन्री. आपल्या शोधांचे पेटंट त्यांनी घेतले नाही. मोर्सने तारायंत्राचे पेटंट घेतले. त्यावरील दाव्यांत हेन्रींना साक्ष द्यावी लागली, आणि जुना स्नेह तुटला. त्यांनी आपले श्रेय मागितले, पैसा मागितला नाही.

१८४६ पासून ते स्मिथसोनियन संस्थेचे चिटणीस होते. १८७५ साली तरुण ग्रॅहॅम बेल आपली दूरध्वनीची कल्पना घेऊन आला, तेव्हा वृद्ध हेन्रींनी त्यास धीर दिला. १३ मे १८७८ रोजी ते वॉशिंग्टन येथे निवर्तले. १८९३ साली शिकागोच्या विद्युत्परिषदेने वेटोळ्याच्या त्या गुणाच्या मापास ‘हेन्री’ हे नाव दिले.