हाडांची राख

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचा जन्म १८६१ साली राडुली या गावी झाला. ते गाव आज बांगलादेशात आहे. एडिंबरो येथे डॉक्टरेट मिळवून ते परत आले. १८८९ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले.

नव्या विद्यार्थ्यांचे वर्ग ते आवडीने स्वतः घेत. एका तासाला ते जाळलेल्या हाडांची राख आणीत. हाड म्हटले की पुष्कळ मुलांना किळस येई. शिवले तर धर्म बुडेल, अशी भीतीही वाटे. तेव्हा सर चिमूटभर राख सर्वांसमोर तोंडात टाकत! (तुम्ही मात्र असे करू नका.) तीव्र आचेने हाडांतील मांसमज्जा जळून जाते. मागे उरते ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. मग ते हाड गाईचे की बकरीचे, कसे ओळखणार?

मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे पुढे नावाजलेले शास्त्रज्ञ त्यांचेच विद्यार्थी.