प्रा. दि. ब. देवधर

पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकविणारे प्रा. दिनकर बळवंत देवधर (1892-1993) क्रिकेटचेही गुरू होते. त्यांच्या कप्तानीखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. पहिल्या वर्षी त्यांच्या संघातील विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. स्वतः देवधरांनी पन्नाशीला टेकताना मुंबईविरुद्ध 246 काढल्या. 1944 मध्ये, 52 व्या वर्षी, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके! (आपण त्या वयात जिना चढताना धापा टाकतो.) भारत 1932 मध्ये पहिली कसोटी खेळला तेव्हा ते चाळिशीचे होते. कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आलाच नाही, ही खंत राहते. 2014 च्या रणजी अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरविले ते आपल्या कर्नाटकाने. मंडी मोहल्ल्यातल्या मराठी माणसाने टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात?